उन्हात राहिलेला तुकडा

यवतमाळच्या कॉलेजात मी कपाशीच्या पानांवर संशोधन करते. पेशी जनुकाची नक्कल काढते. त्या नकलेतला नको असलेला तुकडा कुठून कापायचा आणि उरलेले तुकडे कुठं जोडायचे, हे काही प्रथिनं ठरवतात. ऊन फार तापलं की ती चुकतात आणि कापायचा तुकडा नकलेत तसाच राहतो.

आमच्या घरानंही एक तुकडा कापलाय. माझा भाऊ इंद्रजित घाटंजीच्या वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना ऊन लागून गेला. तेव्हापासून कोणी विचारलं की माय सांगते, "मले एकच पोरगी." तिच्या या बोलण्याचा मला भयंकर राग येतो.

परवा मे महिन्याच्या भर दुपारी तिनं उंबरठ्यावर कांदा ठेवला आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहून हाक मारली, "इंद्रा, खिशात कांदा ठेवजो रे, ऊन लागन!"

मी चिडूनच विचारलं, "माय, कोनाले हाक मारून राह्यली?"

ती वळली. चेहरा कोरा, हात रिकामे.

"मी कायले हाक मारू? मले तं एकच पोरगी."

मी खाली पाहिलं. उंबरठ्यावर कांदा नव्हता.