स्वावाच्या दारातला पाइप

मी पाइप बोलतोय. बर्फाळ रेक्याविक शहरातल्या एका चढावर, स्वावा म्हातारीच्या दारापासून फाटकापर्यंत फरशीखाली वेटोळं घालून पडलोय. तिच्या नवऱ्याने मला पुरलं. तो गेला, मी आहे.

मला नवं पाणी मिळत नाही. जमिनीच्या पोटातलं कढत पाणी आधी घरातले हीटर तापवतं, मग उरलीसुरली ऊब घेऊन माझ्यात येतं. उष्टंच म्हणा. पण त्यावर आजवर वाटेत बर्फ टिकू दिला नाही. ब्रान्दुर बोका तर माझ्याच अंगावर घोरायचा.

यंदा म्हातारीचा मुलगा स्टाइनार डेन्मार्कहून आला, आणि दुसऱ्या दिवशी पाणीच आलं नाही. होतं तेही गटारात निथळून गेलं. मी फुटलो? तुंबलो? काही कळेना. वर बर्फ साचला, त्याची काच झाली. स्वावा रोज पोहायच्या तलावावर जायची, गरम कुंडात बसून मैत्रिणींशी भांडायची. तिकडे निघताना तिचा पाय घसरला. फाटक धरलं म्हणून वाचली.

"आई, पाइप म्हातारा झाला आणि तूही," स्टाइनार दारात म्हणाला. "वृद्धाश्रमात खोली बघितलीय मी."

मला म्हातारा म्हणाला. अरे, पाणी कुठाय?

स्वावा उंबऱ्यातच थांबली. "ब्रान्दुर वाटेवर का नाही झोपत रे?"

"आता बोक्याचं काय मध्येच?"

ती आत गेली, परत आली. "हीटर गार पडलेत. तू बंद केलेस?"

"मग? खिडक्या उघड्या टाकून हीटर लावतं का कुणी?"

"इथे सगळेच लावतात, शहाण्या. आणि घरातलंच पाणी वाटेखाली जातं. बाप सांगून मेला, तू ऐकलंस कधी?"

स्टाइनार आत गेला. थोड्या वेळाने माझ्या अंगात ऊब शिरली.

सकाळी वाट ओली, काळीभोर. स्वावा टॉवेल काखेत मारून निघाली. त्याने कोपर धरलं.

"सोड. हात गार आहेत तुझे."

वृद्धाश्रमातल्या खोलीचं पुढे काय झालं, माहीत नाही. खिडकी उघडी ठेवून घर तापवणं शहाणपण की खुळेपणा, तेही मला उमगलेलं नाही. एवढंच सांगतो: माझ्यावर बर्फ दिसला तर मला म्हातारा म्हणण्याआधी घरात जा, हीटरला हात लावून बघा. आता गप्प बसा जरा. ब्रान्दुर झोपलाय.