नळीभोवतीची फट

डेल्फीने एक डॉलरची नोट बंदुकीची नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामध्ये सरकवून पाहिली. नोट आत जाईना.

गोळी सुटताना नळी थरथरते, तिला मोकळीक लागते, नाहीतर नेम ढळतो. नोट टोकापासून मागेपर्यंत सुळकन गेली की काम नीट झालं, हे केंटकीच्या त्या डोंगरात बंदूक बांधणारा कुणीही सांगेल. त्या फटीसाठी डेल्फीने आठवडाभर लाकूड तासलं होतं. आता तिथे कुणीतरी भुसा आणि सरस भरून, घासून, वरून तेल पाजून सारं चकचकीत केलं होतं. इतका सफाईदार हात पंचक्रोशीत एकाचाच, तिच्या थोरल्या भावाचा, कॉय सुताराचा. शुक्रवारी कॉय मागच्या पायऱ्या दुरुस्त करायला आला होता, तेव्हा बंदूक टेबलावरच होती.

"मेल्या सुतारा!" ती एकटीच ओरडली.

कोळशाच्या खाणीने तिच्या नवऱ्याची, ऑर्बनची, छाती धुळीने भरून टाकली होती. जुनी जड बंदूक घेऊन शिकारीला निघालं, की त्याला डोंगराचं पहिलं वळणही चढवेना. नवी हलकी बंदूक परवडणारी नव्हती. मग डेल्फीने गहाणवटीच्या दुकानातून बंदुकीचा जुना सांगाडा आणला, कुणी नाकारलेली बारीक नळी त्याला बसवली, दस्ता आतून कोरून पोकळ केला. ऑर्बनने ती एका हाताने उचलली आणि खदाखदा हसला. नेम असा, की तीन गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जायची.

काल, शनिवारी, तो थांबत थांबत कड्यावर पोचला. हरणाच्या खांद्यामागे नेम धरला, आणि गोळी लागली पोटात. अंधार पडेपर्यंत तो गुडघ्यांवर रक्ताचा माग काढत फिरला. जनावर सापडलं नाही. घरी येऊन म्हणाला, "माझे हात गेले, डेल्फी. देऊन टाक ती बंदूक कुणाला." आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

बुजवलेली फट तिने त्याला दाखवली, तर त्याने वळूनही पाहिलं नाही. "बायको आहेस. तू असंच म्हणणार."

डेल्फी तडक चर्चला गेली.

कॉय तिथे प्रवचन करायचा. बोलता बोलता त्याचे शब्द सुरात शिरायचे, आणि म्हातारे डोळे पुसायचे. त्या आवाजावर डेल्फीचा लहानपणापासून जीव. आज मात्र तो गोड सूर कानात शिसं ओतल्यासारखा वाटला.

शेवटच्या भजनात सगळ्यांनी सगळ्यांशी हात मिळवायचा, मनात अढी ठेवून कुणी उंबरा ओलांडायचा नाही, अशी तिथली रीत. शेवटचा हात मिळेपर्यंत भजन थांबत नसे.

"हात दे, डेल्फी," कॉय हसत पुढे आला.

"नाही देत."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. माझ्या बंदुकीला हात लावलास तेव्हा कुणी बघत नव्हतं, म्हणून तर हा घोळ झाला."

कॉयचा चेहरा खुलला. "ती फट होय! पोरीनं कष्टानं केलंय, पण जोड उघडा राहिलाय, म्हटलं गुपचूप बुजवून टाकावा. तुला उगाच लाज वाटायला नको."

"माझी लाज झाकायला निघालास? ती फट मी मुद्दाम ठेवली होती, दादा! एका शब्दानं विचारायला काय झालं होतं?"

"लाकडातलं मला कळतं..."

"लाकडातलं कळतं, बंदुकीतलं नाही!"

मागून म्हातारी लोव्हिना कुजबुजली, "सुताराला फट दिसली, तो गप्प बसतोय होय?" कुणीतरी फिसकन हसलं. भजन सांगणाऱ्या म्हाताऱ्याने घसा बसत आला तरी तीच ओळ पुन्हा उचलली.

"ते जनावर कुठल्या झुडपात तडफडून मेलं, देवालाच ठाऊक," डेल्फी म्हणाली. "आणि माझा माणूस हात गेले म्हणून झुरतोय. माझं त्याला पटत नाही. तू चल, तुझ्या तोंडानं सांग."

"येतो. पण आधी हात तरी..."

"आधी चल!"

ती निघाली. तिच्या पाठीमागे भजन अर्ध्यातच विरलं.

कॉय टोपी हातात घेऊन ऑर्बनच्या खाटेशी उभा राहिला. "बंधो, आपण सारे चुकणारी माणसं..." त्याचा आवाज आपोआप चढू लागला.

डेल्फीने त्याला कोपर मारलं. "गाऊ नकोस. सरळ सांग."

"फट मी बुजवली," कॉय खाली बघत म्हणाला. "न विचारता. तुझा नेम चुकला नव्हता, ऑर्बन."

ऑर्बन हळूहळू उठून बसला. छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"मी गुडघ्यांवर फिरलो, कॉय," तो म्हणाला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "त्या मुक्या जीवाची क्षमा मागत फिरलो! पटाशी आण."

"आज रविवार आहे रे. देवाच्या दिवशी काम करायचं नाही."

"विहिरीत पडलेला बैल रविवारीही काढायचा, हे प्रवचनात गळा काढून कोण सांगतं? आण पटाशी! आणि तू नाही हात चालवायचास. तू नुसती बंदूक धर."

कॉय स्टुलावर बसला, तान्हं पोर धरावं तशी बंदूक मांडीवर धरून. ऑर्बन दोनदा खरवडायचा, दम घ्यायला थांबायचा, आणि दम आला की कॉयला एक शिवी हासडायचा. काही शिव्या तर डेल्फीने तो खाणीवर जायचा बंद झाल्यापासून ऐकल्या नव्हत्या.

"ऑर्बन, मला माफ..."

"हलवू नकोस!"

डेल्फीचा राग तसूभरही उतरला नव्हता. तिने घेवडा शिजायला टाकला, मक्याचं पीठ कालवायला घेतलं, पण भावाला जेवायला थांब म्हणाली नाही. पटाशीचा आवाज थांबला की मात्र तिचा हात पिठातच थबकायचा. नवऱ्याची पुढची शिवी कानावर आली, की मगच ती पुन्हा कालवायला लागायची.