घड्याळजींच्या मशीनमधली टकटक

मी सांगतोय त्यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. माझ्या बोलण्यावर एरवीही बसत नाही म्हणा! पण ह्याच जिन्यात, जिथे तुम्ही आत्ता बूड टेकून बसलायत, भांडी धुणाऱ्या मशीनच्या दर्शनाला रांग लागायची. तिसऱ्या मजल्यापासून थेट फाटकापर्यंत. टकटक नीट ऐकू यावी म्हणून फाटकावरच्या कुत्र्यांनीसुद्धा भुंकणं सोडलं होतं.

मशीन घड्याळजींचं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बायको गेली आणि आठवड्याभरात त्यांच्या डिशवॉशरमधून आवाज येऊ लागला. टक्... टक्... टक्. मशीन मुळातच प्लॅस्टिकच्या पोटाचं, गोंगाटी, ते सुरू झालं की शेजारचा माणूस फोनवर "काय? काय?" करायचा. पण ही टकटक नवी होती. बायको असताना कधी ऐकलेली नव्हती.

"ती बोलते हो," घड्याळजी मला म्हणाले. डोळे सुजलेले. मी पक्का थापाड्या, पण त्या दिवशी मीही मशीनला कान लावला.

मग अवतरले मौनीबाबा. नाव मौनी, तोंड मात्र उघड्या नळासारखं.

"पाणी फिरतं, आत्मा फिरतो, भक्तांनो! टक वाजलं तर होय, गप्प राहिलं तर नाही! ताई, सुखी आहात ना?"

टक्, टक्. बायकांनी डोळे पुसले.

बाबांनी मग बराच वेळ डोळे मिटले. आतून गुळगुळ ऐकू येताच विचारलं, "घड्याळजींनी हृदयाच्या गोळ्या घ्याव्यात का?"

टकटक बंद.

"नको म्हणतायत! माझं मंतरलेलं पाणीच द्या म्हणतायत!"

"एवढं सगळं गप्प राहून म्हणाल्या?" मी विचारलं. लोकांनी मला डोळ्यांनीच जिन्यावरून ढकललं.

घड्याळजींनी गोळ्या सोडल्या.

हे कळल्यावर लेक धावत आली. शाळेत विज्ञान शिकवते ती. "बाबा, हे धूड दिवसभर कोकलतंय, तुमची झोप उडालीय. माझ्याकडचं चव्वेचाळीस डेसिबलचं आहे. आत स्टीलची पेटी, भोवती जाड अस्तर. चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं. तसलंच घेऊ."

"शांत मशीन?" घड्याळजी म्हणाले. "म्हणजे तुझ्या आईचं तोंड कायमचं बंद करायचं?"

पुढच्या दर्शनाला लेक सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. बाबांनी गोळ्यांचा प्रश्न विचारला, मशीन गप्प राहिलं. ती थांबली. आत पुन्हा पाणी फिरू लागल्यावर तिने तोच प्रश्न विचारला.

टक्, टक्, टक्.

"बरं. आई, तू हत्ती आहेस का?"

टक्, टक्, टक्.

कुणीतरी फिसकन हसलं. तिने मशीनचं दार उघडलं. खालच्या जाळीत लांब दांड्याची पळी उभी होती. पाणी उडवणारं पातं फिरताना तिच्यावर आपटायचं. घाण पाणी गुळगुळत बाहेर जाताना पातं थांबायचं, म्हणून टकटकही थांबायची. बाबा नेमकी ती गुळगुळ हेरून "नको"चे प्रश्न विचारत होते. वळून पाहिलं तर बाबा जिना उतरत होते, आयुष्यात पहिल्यांदाच मौनी.

"बाबा, आई ही पळी वर आडवी ठेवायची," लेक म्हणाली. "तुम्ही कधी मशीन भरलंच नव्हतं."

टकटक ती गेल्यावरच सुरू झाली, हे खरंच होतं. पळी आडवी ठेवणारा हात गेला होता.

घड्याळजी स्वयंपाकघरात खालीच बसले. "म्हणजे ती कधी बोललीच नाही?"

"नाही, बाबा."

पण मग काय विचारता! घड्याळजींनी गोळ्या सुरू केल्या, टुणटुणीत झाले. नवं मशीन आलं, इतकं शांत, की ते चालू असताना मुंगीची शिंक ऐकू यायची! आजही लेकीकडे मजेत...

"खोटं, काका."

घड्याळजींची लेक वरच्या पायरीवर उभी होती. कधी आली, मला कळलं नाही.

"मुंगी शिंकू दे हवी तर. पण माझे बाबा नवं मशीन यायच्या आधीच गेले. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, तोवर उशीर झाला होता. शेवट गोड करू नका. यांना सांगा, टकटक ऐकलीत तर हात जोडण्याआधी दार उघडून बघा. आणि कुणी गोळी सोडायला सांगितली, तर डॉक्टरांना विचारा."