बाह्यरुग्ण

आमच्या दुकानात मास्तर एकच, माझा धाकटा भाऊ. कापड तोच बेततो, तोच शिवतो. काज-बटण, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी भांडण ही खाती माझ्याकडे. दुकानातली सगळ्यात धारदार कात्री म्हणजे ताईची जीभ, असं तो म्हणायचा. गेल्या वर्षी तो हळूहळू काही म्हणेनासाच झाला.

आधी उशिरा उठायला लागला. राहतो दुकानामागच्याच खोलीत, म्हणजे वाटेत उशीर झाला म्हणायलाही जागा नाही. मग दाढी वाढली, मी पाठवलेला डबा अर्धा परत यायला लागला, शिवणयंत्रासमोर तो नुसताच बसून राहायला लागला. मी काय केलं? तोंड सोडलं. ऐतखाऊ म्हटलं, कामचुकार म्हटलं, तुझ्या वयाची माणसं दोन-दोन दुकानं चालवतात हेही ऐकवलं. तो ऐकून घ्यायचा आणि "बरं" म्हणायचा. उलट उत्तर न देणारा भाऊ मिळाला म्हणून मी काही दिवस खूशही होते. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मग तो कोट आला. गणिताचे एक शिक्षक ट्रायलला आले होते. कोट अजून कच्च्या टाक्यांवर होता. त्यांनी डावा हात घातला, तो झकास बसला. उजवा घातला तर कोपराचा बाक पाठीकडे गेला. वीस वर्षं कापड बेतणाऱ्या माझ्या भावानं दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. सर भला माणूस. म्हणाले, मास्तर, गणितात तरी दोन डावे मिळून एक उजवा होत नाही.

मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात भाऊ खाली चिंध्यांमध्ये बसला आणि रडायला लागला. गिऱ्हाइकासमोर.

"ताई, मी आळशी नाही गं," तो म्हणाला. "काम समोर दिसतं, पण हात तिथपर्यंत पोचत नाही."

मी त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग त्याला बराच वेळ बोलतं केलं आणि म्हणाले, हे नैराश्य दिसतंय, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मोठ्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाला चिठ्ठी लिहून दिली. मी म्हटलं, अहो, थोडं मन घट्ट केलं तर नाही का जमणार? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चार महिने तुम्ही त्याला ओरडताय, म्हणाले, गुण आला का?

आम्ही रुग्णालयात गेलो. ओळखीचं कुणी बघेल म्हणून मी पदर डोक्यावर घेतला होता. भाऊ दारावरची पाटी वाचत थांबला. पाटीवर लिहिलं होतं, बाह्यरुग्ण विभाग.

"ताई, जागा बरोबर आहे," तो म्हणाला. "मी बाह्यांचाच रुग्ण आहे."

चार महिन्यांत त्याचा हा पहिला विनोद. मी इतकी हसले की पदर खांद्यावर आला, आणि तिथेच राहिला.

आत डॉक्टरबाई होत्या. त्या त्याला प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते. झोप? दिवसभर लोळतो. भूक? असून नसल्यासारखी. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पेशंट कोण आहे, असं शांतपणे विचारलं. मी मुकाट्यानं बाहेर जाऊन बसले. अर्ध्या तासानं भावानंच मला आत बोलावलं.

"मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल असं मला वाटतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "रोज नाही. पण वाटतं."

त्याच्या खोलीपासून दहा पावलांवर मी रोज इस्त्री फिरवत होते आणि मला याचा पत्ता नव्हता. बाई म्हणाल्या, त्यानं हे बोलून दाखवलं ही चांगली गोष्ट आहे. दाखल व्हायची गरज आत्ता वाटत नाही, घरी राहून उपचार करू. पण तो विचार जोर धरायला लागला तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं, एवढं त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. गोळ्या दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील हेही सांगितलं, पण ते आमच्यापैकी कुणाच्याच कानात शिरलं नाही.

बाराव्या दिवशी गोळ्यांचं पाकीट मला रिळांच्या डब्यात सापडलं. तोंड कोरडं पडतं, सुई ओवताना झोप येते आणि फरक तर काहीच नाही, असं म्हणत त्यानं तोंड फिरवलं. औषध आपल्याला लागू पडत नाही, विषय संपला.

"पहिल्या ट्रायलला कोट बसला नाही तर गिऱ्हाईक काय करतं रे?" मी विचारलं.

"परत येतं."

"आणि तू काय करतोस?"

"उसवतो. परत बसवतो."

"मग चल," मी म्हटलं. या वेळी मी ओरडले नव्हते.

मनानं गोळ्या बंद केल्या म्हणून बाई रागावल्या नाहीत, पुढच्या वेळी आधी मला विचारा म्हणाल्या. गोळी बदलली. शिवाय दर आठवड्याला समुपदेशकाकडे बसून बोलायचं ठरलं. पहिले समुपदेशक फार उपदेश करायचे. तसं त्यानं बाईंना सरळ सांगितलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्यांकडे पाठवलं. त्यांच्याशी सूत जुळलं. सहाव्या-सातव्या आठवड्यात डबा रिकामा यायला लागला. एक दिवस त्यानं माझं काज उसवून परत माझ्यापुढे टाकलं, वाकडं आहे म्हणाला. मी त्याला शिव्या दिल्या आणि आनंदानं पुन्हा केलं.

सगळं मार्गाला लागलं असं वाटत असतानाच एका बुधवारी दुकानाला बाहेरून कुलूप दिसलं. फोन लावला तर तो आत खोलीतच वाजत होता. शेजारच्या चावीवाल्यानं त्याला बघितलं नव्हतं. कुठे शोधायचं ते कळेना, आता बाईंनाच विचारावं म्हणून मी धावत रुग्णालय गाठलं.

तो तिथे बाकावर बसला होता. शर्टाची बटणं खालीवर लागली होती, डोळे सुजलेले होते, हातात केसपेपर होता. त्या दिवशी त्याची तारीख नव्हती.

"घाबरलीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"मीपण. पहाटेपासून तो विचार जाईना. म्हटलं, आधी नंबर लावू. फोन घरीच राहिला."

एरवी माझ्याकडे बोलण्यांचा साठा तयार असतो. त्या दिवशी मी त्याची बटणं सोडून नीट लावली आणि त्यानं लावू दिली. मग केसपेपर हातात घेतला. 'रुग्णाला कोणी आणले' या रकान्यात त्यानं मापांच्या वहीत लिहितो तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, स्वतः.

नंबर पुकारला, तो उठून आत गेला. मी चारचौघांत ढसाढसा रडले. शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं आणि तुमचा नंबर कितवा म्हणून विचारलं.

"माझा नाही, भावाचा होता," मी म्हटलं. "आपला आपण आला तो."