तेवीस तासांचा दिवस

२ एप्रिल २००७, सोमवार, सकाळचे सात. त्या क्षणी मी पडद्यावर एक आकडा लिहिला: नऊ. तो दहा असायला हवा होता.

मित्रांनो, मी एक जुना, दिवस मोजणारा प्रोग्रॅम आहे. क्रीट बेटावर मधमाश्या पाळणाऱ्या स्तामातिसने १९९६ च्या हिवाळ्यात मला लिहिले. तो तांत्रिक विद्यालयात शिकलेला होता. माझी प्रत्येक ओळ त्याने आधी कागदावर मांडली, तपासली आणि मगच संगणकात घातली.

माझे काम छोटे, पण नाजूक होते. राणीमाश्या तयार करण्यासाठी कोवळ्या अळ्या मेणाच्या वाट्यांत ठेवतात. माश्या त्यांच्याभोवती राणीघरे बांधतात. दहाव्या दिवशी प्रत्येक राणीघर वेगळ्या पेटीत हलवावेच लागते. अकराव्या दिवशी एखादी राणी बाहेर पडली, तर ती उरलेली राणीघरे फोडून आतल्या बहिणींना डंख मारते.

माझ्याआधी हे दिवस स्तामातिसची बायको कालिरोई मोजत असे. रोज सकाळी ती पेटीच्या झाकणावर एक खडा ठेवी. मी आल्यावर स्तामातिसने तिला खड्यांची आता गरज नाही असे सांगितले. तिने वाद घातला नाही आणि खडेही सोडले नाहीत.

मी मोजत असे ते असे: अळ्या ठेवलेल्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून आजच्या मध्यरात्रीपर्यंतचे तास घ्यायचे, त्यांना चोविसाने भागायचे आणि उरलेले तास सोडून द्यायचे. अकरा वर्षे माझा आकडा एकदाही चुकला नाही. शेजारच्या गावातले मधपाळ मला पाहायला येत. पण त्या वर्षांत अळ्या नेहमी एप्रिलच्या मध्यावर ठेवल्या जात, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही.

२००७ च्या हिवाळ्यात रोग आला. चौतीस पेट्यांच्या राण्या मेल्या. राणीवाचून पेटी फार दिवस तग धरत नाही, म्हणून स्तामातिसने घाई केली आणि २३ मार्चलाच छत्तीस अळ्या ठेवल्या. दोनच दिवसांनी, २५ मार्चच्या सणाच्या रविवारी, देशातली घड्याळे, दर वर्षी मार्चअखेर उन्हाळ्यासाठी करतात तशी, एक तास पुढे गेली. स्तामातिसने सकाळी उठून घरातले, शेडमधले आणि मनगटावरचे घड्याळ स्वतः पुढे केले. संगणकाचे घड्याळ आपोआप सरकले. तो दिवस तेवीस तासांचा झाला, हे मला मात्र कोणी शिकवलेले नव्हते.

सोमवारी कालिरोई शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"स्तामाती, माझे खडे दहा झालेत. राणीघरं आज हलवायची."

"इथे नऊ दिसतायत. अळ्या ठेवल्या त्या दिवसाचाही खडा धरला असशील तू."

"पहिला खडा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवला मी."

"मग सणाच्या दिवशी खारा मासा आणि लसणीची चटणी हाणून झोपलीस, संध्याकाळी उठलीस ती सकाळ समजून. तेव्हा ठेवला असशील एक जास्तीचा."

"मी झोपले, कबूल. पण तुझ्या यंत्राचा कधी डोळा लागत नाही वाटतं?"

तो हसला. एक दिवस आधी हलवली तर आतल्या कोवळ्या राण्यांना धक्का बसेल, असे त्याने तिला समजावले. त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. माझा आकडा तेवढा खोटा होता. दोनशे एकोणचाळीस तासांना चोविसाने भागून मी नऊ लिहिले होते आणि उरलेले तेवीस तास टाकून दिले होते.

मंगळवारी सकाळी मी दहा लिहिले. दोघांनी पेटी उघडली. एक राणी बाहेर पडली होती; बाकीच्या राणीघरांच्या कुशीला भोके होती. स्तामातिसने राणीघरांची चौकट बाहेर काढून उन्हात धरली. कालिरोईने झाकणावरचे अकरा खडे ओंजळीत गोळा केले आणि एवढेच म्हटले, "चल, उन्हात धरू नकोस ती."

पुन्हा अळ्या ठेवल्या, पण त्या राण्या तयार होईपर्यंत राणीवाचूनच्या पेट्या तगल्या नाहीत. स्तामातिसने माझी ती ओळ शोधून दुरुस्त केली. आता मी तास भागत नाही, तारखा मोजतो आणि बरोबर मोजतो. तरी त्यानंतर त्याने मला कधी उघडले नाही. रोज सकाळी तोही तिच्याबरोबर खडा ठेवायला जातो.

मित्रांनो, माझ्यासारखे कोणाला घडवाल, तेव्हा प्रत्येक दिवस चोवीस तासांचा असतो असे त्याला शिकवू नका. आणि दोन मोजण्यांत फरक आला, तर निकाल देण्याआधी तिसऱ्यांदा मोजा.

राणीघरे छत्तीस. जिवंत राण्या एक.