तपासणीपुरती फिरणारी रवी

कामाने थकलेले तुम्हाला पुष्कळ भेटतील, मित्रांनो. मी मात्र एक जुनी रवी आहे आणि बसून बसून थकले आहे. ताक घुसळायची रवी नव्हे हं. कापड रंगवण्याच्या एका कारखान्यामागे सिमेंटची मोठी उघडी टाकी आहे. तिच्यावरच्या लोखंडी पुलाला मला टांगलेलं आहे. वर मोटर, खाली लांब दांडा आणि पाण्यात बुडालेली चार पाती, एवढाच माझा संसार. कागदोपत्री माझं नाव भलं लांबलचक आहे, पण कामगारांनी पहिल्याच दिवशी मला रवी म्हटलं आणि तेच चिकटलं.

माझं काम ऐकायला अगदी साधं आहे. कापड रंगवून झालं की उरलेलं पाणी कधी निळं, कधी काळं, कधी तांबडं होऊन माझ्या टाकीत येतं. या टाकीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. ते पाण्यातली घाण खातात, पण त्यांना श्वासाला हवा लागते. मी पाणी घुसळून ती हवा त्यांना पुरवते. मग पुढच्या टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी ओढ्याला जातं. मी एक खाणावळच चालवते म्हणा ना! गिऱ्हाइकं दिसत नाहीत, एवढंच.

मला आणलं थोरल्या मालकांनी. ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन पुलावर येत, कठड्याला टेकत आणि येईल त्या पाहुण्याला सांगत, "आमची रवी दिसायला बेढब आहे, पण घर राखते." असं कौतुक ऐकलं की मोटर तापलेली असली तरी त्रास वाटत नसे. मी दिवसरात्र फिरत होते आणि माझं घर भरलेलं होतं. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे थोरले मालक अंथरुणाला खिळले आणि कारखाना त्यांच्या मुलाच्या हाती आला. धाकटे मालक वाईट नाहीत, हिशेबी आहेत. विजेचं बिल बघून ते म्हणाले, "ही बया कापडाचा एक तुकडा रंगवत नाही आणि वीज मात्र सगळ्यांपेक्षा जास्त खाते!" आधी मला दुपारची बंद केली, मग सुटीच्या दिवशी, आणि शेवटी कायमचीच. त्यांना दोष देऊन मी मोकळी होईन, पण दुकानदार त्यांच्याकडे कापड आणखी स्वस्त मागत होता, गिऱ्हाईक दुकानदाराकडे त्याहून स्वस्त मागत होतं, आणि कापडाचा उरलेला रंग कुठे जातो हे एकानेही विचारलं नाही. मालक म्हणत, "सगळा बाजार असंच करतो. मी एकट्यानेच काय घोडं मारलंय?"

मी थांबले आणि माझं नांदतं घर दोन-तीन दिवसांत गुदमरून मेलं. टाकीला वास सुटला. आलेलं पाणी जसंच्या तसं ओढ्यात जाऊ लागलं; रंग वाटेत विरे, विष मात्र राही. मी वर लटकून पाहत राहिले. मित्रांनो, पाहत राहण्याचा थकवा फार वाईट असतो.

सरकारी तपासणी आली की मात्र माझे लाड होत. गंजावर हिरवा रंग फासला जाई. शेजारी काचेची पेटी मांडून तिच्यात नळाचं पाणी आणि तीन केशरी मासे सोडले जात. आमचं शुद्ध केलेलं पाणी ते हेच, असं तपासायला आलेल्या साहेबांना सांगितलं जाई. कारखान्यात खऱ्या अर्थाने सुखी असे ते तिघेच होते. मग टाकी सांभाळणारे मामा पुलावर येत आणि बटण दाबताना हळूच म्हणत, "चल बाई, आजचा दिवस नाटक कर." मी घरघरत फिरे, ढीगभर फेस काढून पाण्याचा रंग झाकून टाके. साहेब मान हलवत, सही करून निघून जात. मेलेल्यांना वारा घालून ते उठत नाहीत, हे मला कळत होतं आणि मामांनाही कळत होतं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात म्हणतात. मी तसला दात झाले होते.

अशाच एका तपासणीच्या दिवशी मामांची थोरली बहीण आली. ओढ्याच्या वळणावर तिची रोपवाटिका होती आणि रोपांना पाणी ओढ्याचंच. नवरा गेल्यापासून तिचं पोट त्या रोपांवर चालत होतं. वर्षभर तिच्या रोपांची पानं कडेने करपत होती. तिने माती बदलली, खत बदललं, बी बदललं, तरी वाफ्यामागून वाफा जळत गेला. ती तडक पुलापाशी आली. साहेब आणि मालक चार हातांवर उभे होते, पण तिला कुणाचं काय!

"बाळ्या, खरं सांग. तुमच्याकडून काही येतं का रे ओढ्यात?"

डोक्याचे सगळे केस पिकलेले मामा 'बाळ्या' ऐकून एरवी लाजले असते. आज त्यांनी नुसती मान खाली घातली. उत्तर मालकांनी दिलं. "ताई, हे बघा, यंत्र चालू आहे, मासे पोहतायत. आणखी काय हवं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझा फेस पाहिला, मासे पाहिले. तिचा चेहरा पडला आणि ती म्हणाली, "मग माझ्याच हाताला गुण राहिला नाही म्हणायचा."

मित्रांनो, मला त्या क्षणी बंद पडावंसं वाटलं. तिच्या मनात स्वतःबद्दलचा हा संशय माझ्या फिरण्याने घातला होता.

"एवढं चांगलं पाणी आहे तर दोन कॅन द्या की," ती पुढे म्हणाली. "शेवटचा एकच वाफा उरलाय. त्याला घालून बघते."

साहेबांसमोर मालकांना औदार्याचं भरतं आलं. "दोन कशाला, चार न्या! मामा, भरून द्या ताईंना."

मामांनी ओढ्याकडे जाणाऱ्या नळीखाली कॅन धरले. ते भरेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. भरलेले कॅन त्यांनी बहिणीपुढे ठेवले, पण कड्यांवरचा हात सोडला नाही.

"ताई, हे घालू नकोस," ते पुटपुटले.

"काय?"

"घालू नकोस गं."

"मोठ्याने बोल! या घरघरीत काही ऐकू येत नाही."

घरघर माझीच होती. माझ्याजवळ हळू बोलून कधीच चालत नाही. मामांनी एकदा मालकांकडे पाहिलं आणि मग ओरडले, "घालू नकोस म्हणतोय ना! मरतील तुझी रोपं! ही फक्त साहेब आले की फिरते!"

ते सगळ्यांना ऐकू गेलं. ताई भावाकडे बघत राहिली. मग तिने दोन कॅन उचलले आणि मालकांच्या पायांशी आणून ठेवले. "मग रोज हे कुठे सोडता तुम्ही?"

साहेबांनी माशांकडे पाठ केली, माझ्या टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि ते निघून गेले. पुढे हुकूम आला, पाणी सुधारा नाहीतर कुलूप लावा. मालकांना मामांना काढून टाकायचं होतं, पण मेलेली टाकी पुन्हा जिवंत करायला दुसरं कोण होतं? आता मी दिवसरात्र फिरते. माझी पाती झिजली आहेत, दांडा कुरकुरतो. नव्या जिवांचं घर हळूहळू भरतं आहे, पण मोडायला दोन-तीन दिवस लागले ते उभारायला किती महिने लागतील, कोण जाणे. ताईचा शेवटचा वाफाही गेला. ती आता दुसऱ्यांच्या बागेत कामाला जाते.

ताई भावाशी इतर काही बोलत नाही. पण रोपं उरली नसतानाही दर आठवड्याला रिकामा कॅन घेऊन फाटकाशी येते आणि एवढंच विचारते, "आज घालू का रोपांना?"

मित्रांनो, कारखाना असो, दुकान असो की तुमचं स्वतःचं घर, तिथून काय बाहेर जातं ते असं कुणीतरी जाऊन विचारायला हवं. मी विचारू शकत नाही. माझं बटणसुद्धा माझ्या हातात नाही, ते तुमच्या हातात आहे.

काल ती आली होती. मामांनी बराच वेळ टाकीत वाकून पाहिलं, हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं, आणि खोटं बोलायची सोय असूनही ते म्हणाले, "अजून नको, ताई."

ती रिकामा कॅन घेऊन परत गेली.