उलटी पावलं

थोरलीने तळव्याला खडूची पूड लावली, आडव्या पडलेल्या शिडीच्या डोक्याशी ती जमिनीवर बसली आणि वरून दुसऱ्या पायरीवर पाय दाबला. दोन क्षण थांबून तो अलगद काढून घेतला. पिवळ्या लाकडावर पांढरं पाऊल उठलं, पाचही बोटं मोजून घ्यावीत इतकं स्वच्छ. ही अकरावी. अजून पंधरा होत्या आणि अकराला गाडी यायची होती.

त्यांच्या कारखान्याच्या घडीच्या शिड्या लोक पाऊल बघून घेत. पद्धत आजोबांची. तयार झालेली प्रत्येक शिडी घरातल्या कुणीतरी अनवाणी चढायची, वरून दुसऱ्या पायरीवर तीन उड्या मारायच्या आणि मगच ती फाटकाबाहेर जायची. खडू लावायचा तो पाय घसरू नये म्हणून. पण त्याचा ठसा पायरीवर राहू लागला आणि गिऱ्हाईकं पुढे तोच शोधू लागली. घरी नेल्यावर ज्याने त्याने तो आपल्या हाताने पुसायचा. कामगारांना मात्र कधी चढवायचं नाही, हा आजोबांचा दंडक होता. पगारी माणूस मालकाचं तोंड बघून शिडीला चांगली म्हणतो, असं ते म्हणत.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून चढायचं काम थोरलीकडे आलं होतं. धाकट्याचा उपयोग नव्हता. त्याला तिसऱ्या पायरीवरच गरगरायचं. शिडीवाल्याच्या घरात हे असलं पोर कसं निपजलं, यावर घरात वर्षानुवर्षं हसून झालं होतं. दुसरी थट्टा त्याच्या पावलांची. ती नेमकी बहिणीच्या मापाची होती, आणि सापडतील तेव्हा तो तिच्या चपला घालून निघून जायचा. बाकी तो हुशार. घरगुती सामानाच्या बारा मोठ्या दुकानांची ऑर्डर त्यानेच आणली होती. एकशेवीस शिड्या आत्ता, आणि खपल्या तर दर महिन्याला तेवढ्याच. सहा कामगारांचे सोळा करता आले असते.

आणि नेमकी याच आठवड्यात थोरली घराच्या उंबऱ्याला अडखळली. जन्मात कधी शिडीवरून पडली नाही ती. घोटा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी आठवडाभर पाय टेकू नका म्हणून बजावलं. तरी दात-ओठ खात ती चढत राहिली होती. आज सकाळी मात्र दोन पायऱ्यांवरच डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि सव्वीस शिड्या राहिल्या.

तेव्हा धाकट्यानेच मार्ग काढला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला होता, "ताई, चढू नकोस. शिडी पालथी पाड, बसून पाय दाब, झालं. दोनशेत एखादी खराब निघते आपली."

हे खरंच होतं. गेल्या वर्षभरात तीनच शिड्या करकरल्या होत्या. थोरलीने तो हिशोब मनात चार वेळा घोळवला आणि बाराव्या शिडीकडे सरकली. शेडमध्ये बाबा कामगारांना सरस लावायला शिकवत होते. त्यांचा आवाज आला की तिचा पाय आपोआप मागे यायचा. ती तिसरीत असताना बाबांनीच तिच्या तळव्याला पहिल्यांदा खडू लावला होता. लाज वाटत होती आणि ती लाज घोट्याच्या ठणक्यापेक्षा जास्त होती.

गाडी पावणेअकरालाच आली. सोबत दुकानांच्या खरेदीच्या बाई होत्या. बाई कामाच्या होत्या, उगाच गोड बोलणाऱ्या नव्हत्या. हमाल आधीच्या शिड्या गाडीत चढवू लागले. धाकटा मोजून देत होता, नेहमीपेक्षा जरा घाईनेच. बाई अंगणात फिरून बघत होत्या. भिंतीशी उभ्या केलेल्या सव्वीस शिड्यांपाशी त्या थांबल्या. या पावलांचे ठसे किती छान उठले आहेत, असं त्यांनी कौतुक केलं. गाडीतल्या बऱ्याचशा शिड्यांवरचे फरपटलेले, अर्धवट दिसतात; या दर्शनी भागात ठेवता येतील. थोरलीने मान हलवली.

तेवढ्यात फाटकातून रंगारी आला. तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्याची जुनी शिडी पोराने परस्पर कुणाला तरी देऊन टाकली होती आणि आजच दुमजली जिन्याची भिंत रंगवायला घ्यायची होती. बाबा शेडमधून काठी टेकत बाहेर आले. त्यांनी बाईंना विचारलं, यातली एक देऊ का, तुमची उद्या भरून देतो. बाईंची हरकत नव्हती. बाबा रंगाऱ्याला म्हणाले, घे हवी ती, तुला काय सांगायचं.

रंगाऱ्याने हाताला आली ती उचलली. वजन नाही बघितलं, सांधा नाही बघितला. खांद्यावर टाकता टाकता त्याची नजर ठशावर गेली आणि तो थांबला. शिडी खाली ठेवून उघडली, निरखून पाहिलं आणि हसला.

"ही शिडी काय हडळ चढली की काय, पोरी?"

बाई काही न कळून त्याच्याकडे बघू लागल्या. शिडी चढताना माणसाची बोटं आत असतात आणि टाच बाहेर. या पायरीवर टाच आत होती आणि बोटं बाहेर, बघणाऱ्याच्या तोंडावर रोखलेली. थोरलीने शेजारच्या शिडीकडे पाहिलं, मग तिच्या पलीकडच्या. धाकट्याने पालथी पाड म्हणून सांगितलं होतं. घाईत तिने सगळ्या उताण्याच पाडल्या होत्या. सव्वीसच्या सव्वीस पावलं उलटी होती.

रंगाऱ्याचं हसू हळूहळू ओसरलं. त्याने शिडी मिटली, होती तिथे भिंतीला टेकवली आणि हात पँटला पुसले.

"नंतर येतो," तो बाबांना म्हणाला. "घाई नाही तशी."

घाई होती, हे सगळ्यांनीच आत्ता ऐकलं होतं. बाबा शिडीजवळ आले. त्यांनी काठीच्या टोकाने ठशाची टाच दाखवली, मग बोटं, आणि थोरलीकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"या सव्वीस मी चढलेले नाही," थोरली म्हणाली. मग बाईंकडे वळून तेच पुन्हा म्हणाली. "बसून नुसता पाय उठवलाय. यांची परीक्षा झालेली नाही."

धाकट्याने मोजणीच्या कागदातून मान वर केली नाही.

बाईंनी घड्याळ पाहिलं. त्या चिडल्या नाहीत, हेच थोरलीला जास्त जड गेलं. "ठसा तर आहे ना?" त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक ठसा बघतं. बोटं कुठे आणि टाच कुठे, हे आमच्याकडे कोण बघतंय? चढवा गाडीत."

"ताई, हात दाखवून अवलक्षण कशाला?" धाकटा पुटपुटला.

बाबा शेडमध्ये गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात खडूच्या पुडीचा डबा होता. तो त्यांनी थोरलीच्या पायाशी ठेवला आणि तिच्या घोट्याकडे पाहून नजर वळवली.

बाईंनी स्पष्ट सांगितलं. साडेअकराला गाडी हलणार, बाराही दुकानांत आजच माल पोचायचा आहे. तोवर तयार असतील तेवढ्या न्यायच्या. माल अपुरा गेला तर पुढच्या ऑर्डरचं त्यांच्या हातात नाही. थोरलीने ऐकून घेतलं, खडू लावला आणि पहिली शिडी उघडली. रंगारी फाटकापर्यंत गेलेला परत फिरला. त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली.

दुखरा पाय आधी टाकला तर चढवत नव्हतं, मागे ठेवला तर उतरवत नव्हतं. पहिल्या शिडीवर तिसऱ्या उडीला तिच्या तोंडून आवाज निघाला. कामगार शेडच्या दाराशी येऊन उभे राहिले. तिसरी होईपर्यंत गाडीचं इंजिन सुरू झालं. बाईंनी त्या तीन शिड्यांकडे पाहिलं, त्यांवर आता उलटसुलट दोन-दोन ठसे उठले होते. दुकानात असला घाण माल मांडता येणार नाही, असं म्हणून त्या बसल्या. गाडी चौऱ्याण्णव शिड्या घेऊन गेली. धूळ खाली बसायच्या आत थोरली चौथीवर चढली होती.

सव्विसावी संपली तेव्हा दुपार कलली होती. एकही शिडी करकरली नव्हती. रंगाऱ्याने आधी उचललेलीच परत मागितली. तिच्या पायरीवरचं उलटं पाऊल त्याने अंगठ्याने घासून काढलं, सुलट तेवढं राहू दिलं, शिडी खांद्यावर टाकली आणि थोरलीला पाय थंड पाण्यात ठेवायला सांगून गेला.

थोरली भिंतीला टेकून बसली. धाकटा तिच्यासाठी बादली घेऊन आला. त्याने ती खाली ठेवली, पण उठला नाही.

"सगळ्या चांगल्याच निघाल्या की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. दुसऱ्यानेही तेच म्हणावं अशी वाट बघितल्यासारखा तो बोलला. "सव्वीसच्या सव्वीस. म्हणजे न चढता गेल्या असत्या तरी काही झालं नसतं."

"हो," थोरली म्हणाली. "आता ठाऊक झालं."

धाकट्याने फाटकाकडे पाहिलं.

"परवा तू डॉक्टरकडे गेली होतीस ना," तो म्हणाला. "तेव्हा त्या दिवसाच्या आठ राहिल्या होत्या. त्यांवरची पावलं माझी आहेत."

थोरलीला आधी कळलंच नाही. मग पालथी पाड म्हणणारा त्याचा सकाळचा आवाज तिला आठवला. तो इतक्या सहज कसं करायचं ते सांगत होता, आणि तिने विचारलंही नव्हतं.

"गाडीत?"

त्याने मान हलवली.

"कोणत्या?"

तो तिच्या पावलांकडे बघत होता. बादलीत बुडालेलं एक, बाहेर असलेलं एक. "ओळखू यायच्या नाहीत, ताई," तो म्हणाला. "मी नीट पालथ्या पाडल्या होत्या."

बाबा शेडच्या दारात उभे होते. किती वेळ, ते दोघांनाही कळलं नव्हतं. ते आले, खिशातून फोन काढून त्यांनी थोरलीच्या हातात दिला. मग डब्यातली खडूची पूड हलवून पाहिली, उरली होती तेवढी पुरेल का ते. झाकण घट्ट लावलं आणि डबा धाकट्यापुढे धरला.

"बारा दुकानं आहेत," बाबा म्हणाले. "चौऱ्याण्णव शिड्या."

"बाबा, मला गरगरतं."

"मी धरतो खाली."

थोरलीने बाईंचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. आधी काय सांगायचं ते तिचं अजून ठरलं नव्हतं. धाकट्याने डबा घेतला आणि पायातल्या चपला काढून त्याने तिच्याजवळ ठेवल्या. त्या तिच्याच होत्या.